डाव्या बाजूचे मानकरी

कार्यालयातील अंगतपंगत ही संस्था वरवर पाहता समतेच्या तत्त्वावर उभी असते: प्रत्येकाने घरून एक पदार्थ आणावा, तो सर्वांनी मिळून खावा आणि कोणी किती कष्ट घेतले याचा हिशेब कोणी ठेवू नये. प्रत्यक्षात हा हिशेब ठेवला जातो, तो मनात ठेवला जातो आणि पुढच्या अंगतपंगतीपर्यंत व्याजासकट सांभाळला जातो. अशा हिशेबी समाजात कमीत कमी कष्टांत जास्तीत जास्त वाहवा पदरात पाडून घेणारा एक वर्ग मुंबई-पुण्याच्या बँकांतून, विमा कार्यालयांतून, सरकारी खात्यांतून आणि संगणक कंपन्यांतून सर्वत्र आढळतो. हा वर्ग कधीही भाजी, पोळी किंवा भात आणत नाही. तो नेहमी तोंडीलावणे आणतो. पानाच्या डाव्या बाजूवर त्याची पिढीजात वहिवाट असावी असा त्याचा वावर असल्यामुळे प्रस्तुत लेखात या वर्गाच्या प्रातिनिधिक व्यक्तीस ‘डावेकर’ असे संबोधले आहे. हे आडनाव नसून वृत्तीचे नाव आहे आणि ही वृत्ती स्त्री-पुरुष, कारकून-साहेब असा भेद मानत नाही.

डावेकरांचे कर्तृत्व समजण्यासाठी पानाचा भूगोल लक्षात घ्यावा लागतो. मराठी पंगतीत पानाच्या वरच्या अंगाला मधोमध मीठ, त्याच्या डावीकडे लिंबाची फोड आणि तिच्याखाली क्रमाने चटणी, कोशिंबीर व लोणचे अशी मांडणी रूढ आहे. उजवीकडे भाजी, उसळ, आमटी हे पदार्थ येतात आणि मध्ये वरण-तुपासह भाताची मूद बसते. पोट भरण्याची जबाबदारी उजवीकडची, तर जिभेला जाग आणण्याची डावीकडची. पंगतीत मीठ आणि लिंबू वाढण्याचे काम बहुधा पोरासोरांकडे सोपवले जाई, यावरून डाव्या बाजूची सामाजिक प्रतिष्ठा ध्यानात येते. या दुर्लक्षित प्रदेशात स्पर्धा नाही, भांडवल कमी लागते आणि गिऱ्हाईक मात्र प्रत्येक पानावर हजर असते, हा शोध ज्याला लागला तो डावेकर झाला.

अंगतपंगतीची यादी हल्ली कार्यालयाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर फिरते. कोणाच्या तरी निवृत्तीचे, श्रावणाचे किंवा खंडेनवमीच्या पूजेचे निमित्त असते आणि रात्री जेवणे उरकल्यावर ‘प्रत्येकाने आपापला पदार्थ लिहावा’ असा संदेश येतो. इतर मंडळी घरी विचारून सांगण्याच्या बेतात असतात तोवर डावेकरांची ओळ यादीत पहिल्या क्रमांकावर पडलेली असते. तिची भाषा विनयाची असते: “मोठे पदार्थ तुम्ही सगळ्या सुगरणी करालच, मी आपली किरकोळ कोशिंबीर घेऊन येते.” या एका वाक्यात तीन कामे साधलेली असतात. प्रतिस्पर्ध्यांना सुगरणपणाच्या नावाखाली पहाटे उठण्यास भाग पाडले जाते, कोशिंबिरीवर हक्काची पाटी लागते आणि पुढे होणाऱ्या कौतुकासाठी अपेक्षेची पातळी आधीच खाली आणून ठेवली जाते.

उजव्या बाजूच्या मानकऱ्यांची दशा याच्या नेमकी उलट असते. पंचवीस माणसांना पुरतील एवढी भरली वांगी करायची तर आदल्या रात्री दाण्याचे कूट आणि खोबरे भाजून मसाला करून ठेवावा लागतो, पहाटे चारला वांगी भरावी लागतात आणि नंतर तो पाचलिटरी डबा छातीशी धरून कल्याण लोकलमध्ये शिरावे लागते. दादरपर्यंत तेलाचा एक थेंब झाकणाच्या कडेने बाहेर येतो, ठाण्यापासून डब्याकडे संशयाने पाहणाऱ्या सहप्रवाशाची पँट त्याला सापडते आणि एवढे सारे सोसून टेबलावर पोहोचलेल्या वांग्यांना अभिप्राय मिळतो, तो “छान झाली आहेत, पण आमच्याकडे गूळ जरा जास्त घालतात” असा. शिवाय तिथे आधीच बटाट्याच्या भाजीचे तीन डबे, छोल्यांचे दोन आणि पुलावाचे दोन मांडलेले असतात. उजवीकडे तुलना अटळ असते. डावीकडे ती होत नाही, कारण तुलना करायला दुसरे कोणी नसतेच.

डावेकरांच्या शस्त्रागारातील अमोघ अस्त्र म्हणजे खमंग काकडी. या पदार्थाची कृती साधी आहे: काकडी कोचवून, म्हणजे विळीवर किंवा सुरीने उभ्या-आडव्या चिरा देत अगदी बारीक कापून, तिच्यात दाण्याचे कूट, ओले खोबरे, लिंबू, मीठ व चिमूटभर साखर घालायची आणि वरून तूप, जिरे व हिरवी मिरची यांची फोडणी द्यायची. काकडी किसली तर तिचा लगदा होतो, कोचवली तर ती दाताखाली कुरकुरते. हा भेद ज्याला कळतो त्याला निम्मी वाहवा आगाऊ मिळते. उरलेली निम्मी मिठाच्या वेळेवर अवलंबून असते. मीठ लागताच काकडीच्या पेशींतील पाणी परासरणाने बाहेर पडते. परासरण म्हणजे पातळ पडद्यातून पाणी कमी क्षाराच्या बाजूकडून जास्त क्षाराच्या बाजूकडे सरकणे. त्यामुळे घरी सकाळी सातला मीठ घालून निघालेली कोशिंबीर दुपारी एकला पाण्यात पोहत असते आणि वरचे कूट चिखल होऊन बसलेले असते. नवशिका इथेच बुडतो. डावेकर मात्र कोचवलेली काकडी एका डब्यात, कूट-खोबरे दुसऱ्यात, मीठ-साखरेची पुडी तिसऱ्यात आणि अख्खे लिंबू पर्सच्या कप्प्यात असे घेऊन येतात व सारा संसार जेवणाच्या वेळी टेबलावर मांडतात.

या मांडणीला केवळ शास्त्रीय कारण आहे असे समजणे भाबडेपणाचे ठरेल. भरली वांगी घरी तयार होतात, त्यामुळे त्यांचे कष्ट कोणाला दिसत नाहीत. खमंग काकडी मात्र सर्वांच्या डोळ्यांदेखत जन्म घेते. थिजलेल्या फोडणीची चिनी मातीची वाटी मायक्रोवेव्हमध्ये अर्धा मिनिट फिरते, स्टीलची वाटी तिथे चालत नाही हे डावेकर शेजारच्या नवख्या मुलाला मोठ्याने समजावून सांगतात, आणि तुपाचा वास लेखा विभागापर्यंत पोहोचून तिथल्या माना वर होतात. मग काकडीवर कूट पडते, लिंबू पिळले जाते, फोडणी ओतली जाते आणि हा सोहळा पाहायला जमलेल्या घोळक्यातून “अहो, किती निगुतीने करता हो!” असा उद्गार निघतो. त्यावर डावेकरांचे उत्तर ठरलेले असते: “छे हो, यात काय आहे! सहज आपली केली.” हे उत्तर अक्षरशः खरे असते आणि म्हणूनच त्यावर कोणाचाही विश्वास बसत नाही.

पदार्थाची निवड करताना डावेकर मतदारसंघाचाही विचार करतात. कांदा-लसणावाचून ही काकडी होत असल्याने जैन सहकाऱ्यांना ती चालते. दाणे, जिरे व तूप बहुतेक घरांत उपासाला चालत असल्याने संकष्टीच्या दिवशी साबुदाण्याच्या डब्याशेजारीही ती मानाने बसते. कोथिंबीर काही घरांत उपासाला चालते व काहींत चालत नाही, म्हणून ती वेगळ्या वाटीत येते आणि या बारकाव्याचे निराळे कौतुक होते. मधुमेहाच्या धाकाने गुलाबजामकडे पाठ फिरवणारे वरिष्ठ साहेब दुसऱ्यांदा फक्त काकडीच वाढून घेतात आणि वार्षिक मूल्यमापनाच्या दिवसांत ही गोष्ट वाया जात नाही.

सर्वांत सूक्ष्म युक्ती चमच्याची आहे. डावेकर आपल्या पदार्थासोबत आपला चमचा आणतात आणि तो लोणच्याचा असतो. डावाने वाढले तर किलो-दीड किलो काकडी पहिल्या दहा माणसांतच संपेल. छोट्या चमच्याने ती तेविसाव्या माणसापर्यंत पोहोचते आणि तिथे संपते. उरलेल्या दोघांना भांडे रिकामे दिसते. हे दोघे पुढचे आठ दिवस “या वेळी तुमची कोशिंबीर मिळालीच नाही” असे जिन्यात, लिफ्टमध्ये आणि चहाच्या टपरीवर सांगत राहतात व त्यांच्याइतका प्रामाणिक प्रचारक काकडी खाल्लेल्यांपैकी एकही होत नाही. इकडे वांग्यांचा डबा अर्धा भरलेला घरी परततो आणि घरच्यांना दोन दिवस वांगी खावी लागतात.

डावेकरांमध्ये काही पोटशाखा आहेत. कोरड्या चटणीवाल्यांची शाखा सर्वांत निर्धास्त असते, कारण कारळाची, जवसाची किंवा लसणाची चटणी न सांडते, न विटते. सोलापूरची शेंगदाण्याची चटणी माहेरहून आली आहे एवढे सांगितले की करण्याचेही कष्ट वाचतात. तळणवाल्यांची शाखा नाट्यप्रिय असते, परंतु तिचा शत्रू हवेत असतो: मुंबईच्या दमट हवेत सकाळी तळलेले पापड आणि कुरडया दुपारपर्यंत सादळतात, म्हणजे हवेतील ओल शोषून चिवट होतात, आणि पापड मोडताना आवाज आला नाही तर सारी इभ्रत जाते. या शाखेतील चतुर मंडळी कच्चे पापड आणून कार्यालयातच मायक्रोवेव्हमध्ये भाजतात. 1959 साली गिरगावात सात बायकांनी 80 रुपये उसने घेऊन सुरू केलेल्या लिज्जतने असंख्य स्त्रियांना रोजगार दिला हे सर्वश्रुत आहे. त्याच पापडाने कार्यालयांतील किती जणांना आयती कीर्ती दिली, याची मात्र कोठे नोंद नाही. सोलकढीवाल्यांची शाखा कोकणी अभिमानावर चालते. कोकमाचे आगळ बाटलीतले व नारळाचे दूध खोक्यातले असले, तरी ठेचलेली लसूण-मिरची घरची असते आणि एकूण पेय तेवढ्यावर घरचे ठरते. लोणचेवाल्यांची शाखा कष्टाच्या दृष्टीने पूर्णत्वाला पोहोचलेली आहे, कारण तिथे दुकानातील बाटलीतून चिनी मातीच्या बरणीत स्थलांतर एवढीच कृती उरते. कागदी द्रोण आणि पाण्याच्या बाटल्या आणणाऱ्यांना मात्र या वर्गात गणता येत नाही. त्यांच्याकडे आळस आहे, पण कला नाही.

प्रत्येक डावेकराला एक आजी लागते. पदार्थाची कृती विचारली गेली, की ती या आजीपासून सुरू होते आणि आजी रत्नागिरीची, वाईची किंवा निदान सदाशिव पेठेची असते. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया’ 1910 साली आणि कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ 1970 साली प्रसिद्ध झाल्यापासून मराठी घरांत छापील पाककृतींची वाण नाही. वाटी-चमच्याच्या मापांमुळे ‘रुचिरा’ तर लग्नात रुखवताबरोबर देण्याचे पुस्तक झाले. तरीही पुस्तकातून किंवा मोबाइलवरील चित्रफितीतून उचललेली कृती आजीच्या नावावर चढवल्याखेरीज तिला चव येत नाही, असा या वर्गाचा सिद्धांत आहे, आणि तो अनुभवाला धरून असल्याने खोडून काढणे अवघड आहे.

डावेकरांना कामचुकार म्हणणारे अर्थातच पुष्कळ असतात व पहाटे चारला उठलेल्यांकडून दुसऱ्या शब्दाची अपेक्षाही करता येत नाही. परंतु पदार्थांच्या अंगाने पाहिले तर निकाल इतका सरळ नाही. तीन बटाटाभाज्या, दोन पुलाव आणि पनीरचे काहीतरी लाल एकाच ताटात आले की चौथ्या घासाला सगळ्यांची चव एक होते. अशा वेळी आंबट, गार आणि कुरकुरीत असे काहीतरी मध्ये आल्यावाचून पाचवा घास उतरत नाही. पंधरा जणांनी मिळून केलेल्या जेवणाला कोणीच आखणी केलेली नसते आणि ताटात काय कमी पडणार आहे याचा विचार करणारा एकटा डावेकरच असतो, मग त्या विचारामागे स्वतःची झोप वाचवण्याचा हेतू का असेना. कष्ट थोडे असले तरी अंदाज अचूक असतो आणि स्वयंपाकघरात अंदाजालाच हात म्हणतात.

या वर्गाला खरा धोका टीकाकारांपासून नसून अनुयायांपासून असतो. दोन-तीन अंगतपंगतींत डावेकरांची कीर्ती पाहून इतरांचेही डोळे उघडतात आणि मग एखाद्या वेळी यादी फिरू लागताच पहिल्या दहा मिनिटांत चार कोशिंबिरी, तीन चटण्या, दोन सोलकढ्या, पापड आणि लोणचे एवढी नोंद होते. पोळी, भाजी आणि भात यांच्यापुढची जागा मोकळी राहते. रात्री उशिरा कोणीतरी हताशपणे विचारतो, “अहो, मग खायचं कशाशी?” नेमक्या याच क्षणी, गटावर शुकशुकाट असताना, डावेकरांची ओळ उमटते: “काळजी करू नका, पोळ्यांचं मी बघते.” दुसऱ्या दिवशी साठ घडीच्या पोळ्या मऊसूत, वाफाळत्या, घरच्या सुती पंच्यात गुंडाळून येतात, चार कोशिंबिरींच्या गर्दीत त्यांच्यावर सारे कार्यालय तुटून पडते आणि एवढ्या पोळ्या करायला पहाटे किती वाजता उठलात असे जो तो विचारू लागतो. कणीक चांगली तासभर भिजू द्यावी लागते, असे डावेकर नम्रपणे सांगतात. स्टेशनाजवळच्या पोळीभाजी केंद्रातील बाईंनी सकाळी पैसे मोजून घेताना त्यांना तसेच सांगितलेले असते.