अडीचशे कोटी आणि गल्लीतलं गटार

"काय गं, कपडे वाळत घालायचे सोडून आभाळ काय बघतेस?"

"खडकवासल्यातून पाणी सोडलंय म्हणे, काकू. भिडे पूल बंद केला."

"भिडे पूल दरवर्षीच बुडतो, त्यात नवल ते काय! मी पानशेत पाहिलंय. 12 जुलै 1961. आधी पानशेत धरण फुटलं, मागोमाग खडकवासला. आईनं आम्हा पोरांना पुढे घातलं अन् पर्वतीचा रस्ता धरला. परत आलो तर कसब्यात नुसता चिखल."

"पण आता दिल्लीनं पुरासाठी पैसे दिलेत ना? आमचे हे म्हणत होते."

"मंजूर झाले म्हण. पंधराव्या वित्त आयोगानं सात शहरांच्या पुरासाठी 2,500 कोटी सांगितले. मुंबई, चेन्नई, कोलकात्याला 500-500 अन् पुणे, बंगळुरू, हैदराबाद, अहमदाबादला 250-250."

"म्हणजे पुण्याला मुंबईच्या निम्मे! आमच्या तोंडाला कायम पानंच पुसायची."

"अगं, यादीत तरी आहोत! बायकांच्या सुरक्षेच्या निर्भया निधीतून आठ शहरांना सेफ सिटीचे पैसे मिळाले, त्यात राज्यातून एकटी मुंबई. पुण्याचं नावही नाही."

"मग या 250 कोटींचं घोडं कुठं अडलं?"

"2024 च्या जुलैत केंद्रीय गृहमंत्र्यांच्या समितीनं या सातांपैकी पुण्यासकट सहा शहरांच्या आराखड्यांना मंजुरी दिली. अन् त्याच जुलैत, 25 तारखेला, सिंहगड रस्त्यावर एकतानगरी पाण्यात! लष्कर बोलवावं लागलं. पुलाच्या वाडीत तिघं पोरं शॉक लागून गेली."

"आई गं! मंजुरी कागदावर अन् पाणी घरात."

"आणि ऐक, हा पैसा आपत्ती सौम्यीकरण निधीतला. पूर ओसरल्यावर धान्याच्या पिशव्या वाटायला तो नाहीच. पूर येऊ नये म्हणून आधी करायच्या कामांचा आहे. ओढ्यांच्या भिंती बांधा, पावसाळी गटारं मोठी करा, पाणी चढायच्या आत लोकांना कळवणारी यंत्रणा बसवा."

"ओढ्यांचं खरंय. 2019 च्या सप्टेंबरात आंबिल ओढ्यानं काय हाहाकार केला!"

"करेल नाही तर काय? ओढ्याच्या पात्रात घरं बांधायची, भिंती घालायच्या, मग पाण्यानं जायचं कुठून? आणि दिल्लीचा पैसा म्हणजे लग्नातला अहेर गं. वहीत मांडून ठेवावा लागतो, आपल्या पदरचंही घालावं लागतं. राज्याचा वाटा त्यात असतोच."

"मग त्यातून आपल्या गल्लीतलं गटार उपसतील का? कालच्या एका सरीत पाणी पायरीला लागलं."

"त्याला कशाला दिल्ली हवी? पालिकेचं फावडं पुरे. उन्हाळ्यात गाळ काढायचा अन् तिथंच कडेला ढीग लावायचा, की पहिल्या पावसात तो परत आत! एवढंही कळू नये?"

"नगरसेवकाला सांगायला हवं."

"तेच तर! मार्च 2022 ला नगरसेवकांची मुदत संपली अन् पुढं जवळजवळ चार वर्षं प्रशासकाचा कारभार. ही 250 कोटींची मंजुरी आली तेव्हा ना स्थायी समितीत कुणी, ना मुख्य सभेत. विचारायचं कुणाला? जानेवारी 2026 ला निवडणूक झाली. आता माणूस आहे."

"आणि काय विचारू, काकू? मला त्या कोटींतलं काही कळत नाही."

"तीनच प्रश्न विचार. 250 कोटींतले हातात किती आले? कुठल्या ओढ्यावर, कुठल्या गटारावर लागले? अन् उरलेलं काम पावसाळ्याआधी होणार का? तोंडी 'बघतो, करतो' म्हणाला तर माहिती अधिकारात अर्ज टाक. मत मागायला आपले तीन जिने चढून आला होता ना? हिशेब सांगायलाही चढू दे."