गडग्यावरचं ओबामापुराण

2015 चा फेब्रुवारी. मी कपडे वाळत घालतेय, तर गडग्यावर कोपरं टेकून नाना हजर.

"वहिनी, ओबामा काय बोलला वाचलंत?"

"परवा दिल्लीत संचलन बघून गेला तो? आता काय?"

"वॉशिंग्टनात वर्षाला प्रार्थनेची न्याहारी असते. यंदा दलाई लामाही होते. दोनच दिवस आधी इसिसनं जॉर्डनचा वैमानिक पिंजऱ्यात जाळल्याची फिल्म आलेली. सगळ्यांना वाटलं, हा आता इस्लामचं माप काढणार. तर हा म्हणतो, फार सोवळ्याचा आव आणू नका. क्रूसेडची धर्मयुद्धं, इन्क्विझिशनचा धर्मछळ, आपली गुलामगिरी, काळ्यांना वेगळं बसवणं, सगळं येशूच्याच नावावर खपवलंय."

"अगंबाई! चारचौघांत स्वतःच्याच सासरचं काढलं म्हणा की."

"मग काय! व्हर्जिनियाचे माजी गव्हर्नर गिलमोर म्हणतात, कुठल्या अध्यक्षाच्या तोंडून इतकं लागट ऐकलंच नव्हतं. आणि लुइझियानाचा तो बॉबी जिंदाल..."

"पंजाब्यांचा पोरगा? तो हिंदू ना?"

"जन्मानं. पुढे कॅथलिक झाला. तो म्हणतो, मध्ययुगातल्या ख्रिश्चनांचा धोका आटोक्यात आहे, साहेब!"

मला हसू फुटलं. नाना मात्र हसले नाहीत. त्यांची कुलदेवी शांतादुर्गा. गोव्यात पोर्तुगीजांच्या धाकानं केळशीहून कवळ्याला हलवलेली.

"मध्ययुग कसलं? गोव्यातलं इन्क्विझिशन 1560 ला बसलं, ते कायमचं उठलं 1812 ला. पेशवाई बुडायच्या सहा वर्षं आधी! आणि अमेरिकेत काळ्यांना वेगळं ठेवणं कायद्यानं बंद झालं 1964 ला. मी चौथीत होतो. तेवढा भाग जिंदालनं सोयीनं गाळला."

"पण नाना, त्या वैमानिकाच्या आईला क्रूसेड ऐकून काय मिळायचं? नवऱ्याचा मार खाऊन आलेल्या बाईला सांगावं का, शेजारीणही खायची म्हणून?"

नाना गप्प. गडग्यावरचं शेवाळ नखानं खरवडत राहिले.

"आणि ओबामाला हे बोलायचा धीर कधी आला? दोन्ही निवडणुका जिंकल्यावर! 2008 ला लोक त्यालाच मुसलमान म्हणत होते, तेव्हा मी ख्रिश्चन, मी ख्रिश्चन सांगून दमला बिचारा."

"पुढारीच ना तो. बुशचं आठवतं? 2001 ला हल्ल्यानंतर पाचव्या दिवशी म्हणाला क्रूसेड. सहाव्या दिवशी मशिदीत जाऊन, इस्लाम म्हणजे शांती!"

कपडे संपले, बादली रिकामी झाली, तरी नाना हलेनात. "ओबामाच्या त्याच भाषणात आपलंही नाव आलंय हां," हळूच म्हणाले. "भारतात धर्मावरून जे चाललंय ते बघून गांधीजी हादरले असते, म्हणाला."

"ह्यॅ! त्याला काय कळतंय आपल्यातलं? स्वतःचं घर बघ म्हणावं आधी!"

नानांचा चेहरा उजळला. "झालात की वहिनी, गिलमोर!"