जुनं भविष्य चांगलं होतं

हल्लीच्या भविष्यात काही राम राहिलेला नाही. नवी गाडी येते, तिच्या पोटात एक मोठा मोबाइल असतो आणि मालकाच्या डोक्याला चार्जिंगचा घोर. भविष्य असावं तर जनरल मोटर्सच्या जमान्यातलं!

१९३९ साली न्यूयॉर्कच्या जागतिक मेळ्यात कंपनीने १९६० ची अमेरिका मांडली. मांडणारे नॉर्मन बेल गेडिस मूळचे नाटकांचे नेपथ्यकार, म्हणजे माणूस अचूक निवडला होता. प्रेक्षक सरकत्या खुर्चीत बसून चिमुकले महामार्ग वरून न्याहाळायचे आणि ‘मी भविष्य पाहिलं आहे’ असा बिल्ला घेऊन बाहेर पडायचे. मोकळे रस्ते बघण्यासाठी लोक तासन्‌तास रांगेत ताटकळत. खऱ्याखुऱ्या रस्त्यांचा खर्च कोणी करायचा? वॉल्टर लिपमन या स्तंभलेखकाने तेव्हाच टोमणा मारला होता, की खासगी गाड्यांची मजा लुटायची तर शहरं सरकारी खर्चाने नव्याने बांधावी लागतील, हे पटवण्यासाठी कंपनीने पैसा ओतला आहे. स्तंभलेखकांना मेलं कशाचं कौतुकच नसतं.

पुढे पन्नाशीच्या दशकात याच कंपनीचा ‘मोटोरामा’ आला. न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ ॲस्टोरिया हॉटेलात नाचगाण्यासकट गाड्या! १९५४ चं आकर्षण होतं फायरबर्ड, म्हणजे चाकं लावलेलं लढाऊ विमान. मागून निघणारा झोत सुमारे ६७५ अंश सेल्सियस. सिग्नलला मागे उभ्या असलेल्या स्कूटरवाल्याच्या भुवयांचं काय, हे माहितीपत्रकांचं काम नव्हे.

१९५६ च्या मोटोरामासाठी काढलेल्या चित्रपटात एक कुटुंब वाहतुकीत अडकून घामाघूम होतं आणि स्वप्नातून थेट १९७६ मध्ये पोचतं. तिथे फायरबर्ड-२ आपली आपण धावते. मनोऱ्यातला गणवेशधारी माणूस रेडिओवरून मार्ग नेमून देतो, वडील सुकाणू सोडून निवांत, सगळे गाणी गातायत. प्रत्यक्ष १९७६ उजाडलं तेव्हा तेलटंचाईपायी ताशी ५५ मैलांची मर्यादा लागू झालेली होती. माणूस गणवेशातलाच भेटे, पण पावतीपुस्तक घेऊन.

१९५६ च्याच दुसऱ्या एका चित्रपटात गाड्या बघायला आलेल्या बाईला ॲप्रन बांधून भविष्यातल्या स्वयंपाकघरात लोटतात. केक आपोआप भाजला जातो, वर मेणबत्त्याही पेटून येतात, तोवर बाई टेनिस-गोल्फ खेळून घेते. यंत्रं कितीही पुढे जावोत, ॲप्रन कोणाचा यावर भविष्य ठाम होतं.

फोर्डवाले मागे कसे राहतील? १९५८ चं त्यांचं ‘न्यूक्लिऑन’ म्हणजे डिकीत अणुभट्टी, एका भरणीत सुमारे ८,००० किलोमीटर. भट्टी विझत आली की पंपावर बदलून घ्यायची. ‘जरा हवा पण बघ रे’ म्हणायची सोयच नाही. सुदैवाने प्रकरण छोट्या प्रतिकृतीवरच आटोपलं.

मात्र फोर्डच्याच घरातल्या एका गाडीचं नशीब फळफळलं. १९५५ ची ‘लिंकन फ्युचुरा’, इटलीत हाताने घडवलेली, खर्च अडीच लाख डॉलर. प्रदर्शनं संपली आणि ती धूळ खात पडली. जॉर्ज बॅरिस नावाच्या गाडीसजावटकाराने ती चक्क एका डॉलरला उचलली, काळा रंग फासला, आणि १९६६ मध्ये ती दूरदर्शन मालिकेतली बॅटमनची गाडी झाली. २०१३ च्या लिलावात तिला ४० लाखांवर डॉलर मिळाले. कंपनीच्या हिशेबवहीत मात्र जमेच्या बाजूला तो एकच डॉलर.