समस्त पौरजन हो!

सत्काराच्या पत्रिकेत खाली ‘आपले नम्र, समस्त पौरजन’ असं छापलेलं पाहून शेजारच्या काकांनी विचारलं, "हे पौर म्हंजे कोन जी? नवीन पार्टी हाय का?"

पार्टी नाही. पुरात राहतो तो पौर. पुर म्हणजे नगर. जुन्या नाटकांत राजाची स्वारी निघाली की रस्त्याच्या कडेला उभे राहून जे जयजयकार करतात, ते पौर. बाकी संवाद त्यांना नसतात. नगरपालिकेच्या आमसभेत आजही तसंच आहे.

आम्हा चांदेकरांना ही पदवी उशिराच मिळाली. 1964 साली चांद्याचं चंद्रपूर झालं, नावात पुर आलं आणि आम्ही रीतसर पौर झालो. रेल्वेनं मात्र ‘चांदा फोर्ट’ स्टेशन तसंच ठेवलं. तिथं गाडीतून उतरणारा पौर की नुसताच प्रवासी, हे अजून ठरायचं आहे. शिवाय जुने लोक खरा पौर तोच मानतात, जो गोंड राजांच्या परकोटाच्या आत राहतो. जटपुरा दरवाज्याबाहेर बंगला बांधणारा त्यांच्या लेखी बाहेरगावचाच. आणि तिकडे ऊर्जानगरात वीज केंद्राच्या झुडपांतून वाघ फिरतो. मालमत्ता कर भरत नाही एवढं सोडलं, तर त्याच्या पौरपणात खोट काढता येत नाही.

गडचिरोलीकडे तर 2015 साली पौरांचं पीकच आलं. तालुक्याची गावं एका फटक्यात नगरपंचायती झाली. सरपंचाच्या जागी नगराध्यक्ष आले, वॉर्डाला नंबर आले, आदिवासी भागांसाठीच्या पेसा कायद्यातली ग्रामसभा मात्र गेली. धानाची बांधी तिथंच, मोहफुलं वेचणंही तेच. फक्त वेचणारा आता पौर. भामरागडकरांनी तर व्याख्या अक्षरशः पाळली. पावसाळ्यात पर्लकोटा नदी पुलावर चढली की सगळं गाव पुरातच राहतं.

कोण पौर आणि कोण नाही, या घोळावर संस्कृतात उपाय आहे: पौरजानपद. नगरातले आणि खेड्यातले, सगळे एकाच शब्दात. आमच्या दोन जिल्ह्यांत नगर कुठं संपतं आणि रान कुठं सुरू होतं, हे वनखात्यालाही सांगता येत नाही. तेव्हा पत्रिका छापणाऱ्यांनी यापुढं ‘समस्त पौरजानपद’ असंच छापावं. शाई थोडी जास्त लागेल, पण कोणी रुसणार नाही.