कुलपाची पोच

मुलाकडे न्यू जर्सीला सहा महिने निघालेले आईवडील टपालाची काळजी उगीच करतात. शेजारच्या काकूंकडे पेटीची किल्ली द्या, पोस्टमास्तरांना लेखी कळवा… कशाला? १८९७ चा जनरल क्लॉजेस ॲक्ट खंबीर आहे. त्याच्या कलम २७ नुसार पत्ता बरोबर, टपालखर्च भरलेला आणि पत्र रजिस्टर्ड असले, की उलट सिद्ध होईपर्यंत ते पोचलेच. पाकिटावर ‘घर बंद’ असा शेरा पडून ते परत गेले, तरी नोटीस बजावली गेली असे न्यायालये बहुधा धरून चालतात. म्हणजे गृहस्थ तिकडे नातवाचे डायपर बदलत असतात आणि इकडे दाराचे कुलूप त्यांच्या वतीने नोटीस स्वीकारते. (उलट सिद्ध करायचेच असेल, तर विमानाचे तिकीट मिळते.)

अशा जबाबदार कुलपाला अजून आधार कार्ड नाही, हा अन्याय आहे. सोसायटीच्या वार्षिक सभेला तरी त्याला बसवावे, गणपूर्ती होईल. वीजबिलही त्यानेच भरावे, असा आमचा विचार होता. चौकशी केली. पैसे मात्र खरोखरच पोचावे लागतात.