तेरा वर्षांचे राष्ट्र

अमेरिकेच्या फौजेतले गोरे जवान सरासरी तेरा वर्षांचे आहेत, असा शोध 1921 साली छापून आला. अंगाने नव्हे, अकलेने. माणसाची बुद्धी सोळाव्या वर्षी पुरी वाढते, हे स्टॅनफर्डच्या टर्मनसाहेबांनी आधीच ठरवून टाकले होते. वॉल्टर लिपमन नावाच्या पत्रकाराने शंका काढली की सरासरी प्रौढ माणूस सरासरी प्रौढापेक्षा कमी अकलेचा कसा असेल? पण पेपरवाल्यांना शास्त्रातले काय कळते!

शोधाचे मानकरी रॉबर्ट यर्कीज. 1917 मध्ये अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली तेव्हा ते मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेचे अध्यक्ष होते. लढाईत आपलेही शास्त्र कामी यावे म्हणून त्यांनी सुमारे साडेसतरा लाख जवानांची अक्कल मोजून घेतली. वाचता येणाऱ्यांना 'आल्फा' परीक्षा. तीत प्रश्न असा : क्रिस्को म्हणजे औषध, जंतुनाशक, टूथपेस्ट की खाण्याचा पदार्थ? ते वनस्पती तुपासारखे काहीतरी होते. म्हणजे अमेरिकन वाण्याच्या दुकानात ज्याची उधारी, तोच बुद्धिमान.

निरक्षरांना आणि इंग्रजी न येणाऱ्यांना 'बीटा'. अपुऱ्या चित्रात काय राहिले ते काढायचे; वीस चित्रे, तीन मिनिटे. टेनिसच्या मैदानात जाळी हवी, हे इटलीच्या खेड्यातून बोटीने आलेल्या शेतमजुराला जन्मतःच ठाऊक असायला नको का? सिसिलीच्या एका गड्याने तर धुराड्याविना काढलेल्या घरावर क्रूस काढला. त्याच्या गावी घरावर क्रूसच असे. गुण शून्य.

पॅरिसच्या बिने-सायमन जोडीने 1905 मध्ये अक्कल मोजण्याची ही पद्धत काढली ती शाळेत मागे पडणाऱ्या पोरांना हुडकून मदत करायला. बिने 1911 मध्ये वारले. सुटले म्हणायचे.

आकड्यांत एक गंमत मात्र निघाली. अमेरिकेत येऊन जितकी वर्षे झालेली, तितके परदेशी माणसाचे गुण जास्त. वीस वर्षांनी तो इथल्याच्या बरोबरीला. परीक्षा बुद्धीची नसून मुक्कामाची आहे, असे कुणा अडाण्याला वाटले असते. प्रिन्स्टनच्या कार्ल ब्रिगम यांना तसे वाटले नाही. 1923 च्या पुस्तकात त्यांनी उलगडा केला : आधी आलेले लोक उत्तर युरोपातले, म्हणजे जातिवंत, मागाहून आलेला माल हलका.

पुढच्याच वर्षी परदेशी लोकांच्या कोट्याचा कायदा झाला आणि इटालियन, पोलिश, ज्यू यांना दार जवळजवळ बंद झाले. कायदेवाल्यांना पुस्तकाची गरज होती असे नाही, त्यांचे मन आधीच ठरलेले होते; पण शास्त्राचा शिक्का फुकट मिळत असेल तर कोण सोडतो? दरम्यान ब्रिगम यांनी कॉलेजप्रवेशाची परीक्षा तयार केली. तीच एसएटी.

1930 मध्ये ब्रिगम यांनी आपल्या पुस्तकातले निष्कर्ष निराधार असल्याचे स्वतःच छापून कबूल केले. देशवार कोटा 1965 पर्यंत चालू होता.