परंड्याचे टोकियोकर

प्रत्येक तालुक्याच्या गावी काही माणसे सरकारी दप्तरात नोंद नसलेल्या हुद्द्यांवर तहहयात नेमलेली असतात. स्वतः आखाड्यात न उतरता प्रत्येक पैलवानाची वंशावळ तोंडपाठ सांगणारा एक, जुन्या चित्रपटगीतात सारंगी नेमकी कोणी वाजवली याचा अखेरचा निवाडा देणारा दुसरा, आणि निवडणुकीचा निकाल मतदानापूर्वी आठ दिवस जाहीर करून नंतर तो मतदारांनी बिघडवला असे म्हणणारा तिसरा, असे तीन हुद्देदार परंड्यात पूर्वापार होतेच. अलीकडे त्यांत चौथ्याची भर पडली असून, जपानी रॉक संगीताचे हे एकनिष्ठ उपासक गावात ‘टोकियोकर’ या नावाने ओळखले जातात. त्यांचे मूळ आडनाव शिधापत्रिकेवर शाबूत आहे. पण ते वाचण्याचा प्रसंग रास्त भावाच्या दुकानदाराखेरीज कोणावर येत नाही.

मोठ्या आवाजाच्या बाबतीत परंडा हे अगदीच अडाणी गाव आहे, असे मात्र कोणी समजू नये. अहमदनगर मोगलांच्या हाती पडल्यावर, 1600 च्या सुमारास, मलिक अंबरने निजामशाहीची गादी काही काळ याच गावी आणून ठेवली होती. आणि आज विजापूरच्या बुरुजावर बसून प्रवाशांची वाहवा घेणारी मुलूख-ए-मैदान तोफ एके काळी आमच्याच भुईकोट किल्ल्यात होती. 1549 मध्ये अहमदनगरास ओतलेली ही सुमारे पंचावन्न टनांची तोफ 1632 च्या सुमारास आदिलशाहीच्या लोकांनी विजापुरास ओढून नेली, आणि तेव्हापासून परंड्यात दखल घेण्याजोगा आवाज असा झालाच नाही. ती उणीव टोकियोकरांच्या गच्चीवरील दोन स्पीकरांनी भरून काढली. गावातल्या वयोवृद्धांचे मत असे की, यापेक्षा तोफ परवडली. तिचा निदान एकदाच बार होत असे.

टोकियोकरांचा चरितार्थ लोकांचे ऑनलाइन अर्ज भरून देण्यावर चालतो. सातबाराचा उतारा, उत्पन्नाचा दाखला, पीकविम्याचा अर्ज, मुलींच्या शिष्यवृत्तीचा अर्ज, अशा नाना अर्जांच्या गराड्यात हा मनुष्य काळा टीशर्ट घालून, कपाळावरची झुलपे उजव्या डोळ्यावर सोडून आणि म्हणून मान सदैव डावीकडे कलती ठेवून बसलेला असतो. दोन मनगटांवर दोन घड्याळे असतात. एक हिंदुस्थानच्या वेळेचे आणि दुसरे जपानच्या, म्हणजे साडेतीन तास पुढचे. दुपारी दोन वाजता एका शेतकऱ्याने ‘कचेरी किती वेळ उघडी असते?’ म्हणून विचारले असता यांनी चुकीच्या मनगटाकडे पाहून ‘साडेपाच वाजले, आता काय!’ असे उत्तर दिले, आणि तो भला माणूस आभार मानून एस.टी. स्थानकाकडे चालू लागला. परदेशी न जाता परदेशात राहण्याची ही सोय फार स्वस्त आहे. तिचा भुर्दंड तेवढा स्वदेशातील लोकांना पडतो.

या पंथाची दीक्षा त्यांना लहानपणी दूरचित्रवाणीने दिली. ‘नारुतो’ नावाची जपानी चित्रमालिका पाहता पाहता, इतर पोरे लढाईची वाट पाहत बसत तेव्हा हे आरंभीच्या गाण्याची वाट पाहत, आणि गाणे संपले की अंगणात खेळायला जात. पुढे माकोतो शिनकाई यांच्या 2016 सालच्या ‘युअर नेम’ या चित्रपटाने त्यांची गाठ ‘रॅडविम्प्स’ या वाद्यवृंदाशी घालून दिली. 2001 मध्ये कानागावा प्रांतात शाळकरी वयाच्या मुलांनी उभा केलेला हा वृंद आणि त्याचा गायक योजिरो नोदा यांच्याविषयी टोकियोकरांना जी माहिती आहे, ती स्वतःच्या मामाविषयी नाही. जपानी भाषा त्यांना येत नाही. तरी सगळी गाणी त्यांना काना-मात्रेसह पाठ असून ती म्हणताना त्यांचा कंठ योग्य त्या ठिकाणी दाटून येतो. याबद्दल त्यांना हसणाऱ्यांनी आपल्या घरच्या सत्यनारायणात आपण काय करतो, हे एकवार आठवून पाहावे.

अर्जांवरील त्यांची श्रद्धा मात्र व्यावसायिक नव्हे, आध्यात्मिक आहे, आणि तिला कारणही तसेच घडले. शिनकाई यांचा पुढचा चित्रपट ‘वेदरिंग विथ यू’ हिंदुस्थानातील चित्रपटगृहांत लागावा म्हणून येथील चाहत्यांनी एक ऑनलाइन विनंतीअर्ज केला, त्यावर हजारोंनी सह्या पडल्या, आणि ऑक्टोबर 2019 मध्ये तो चित्रपट खरोखरच येथे झळकला. आयुष्यभर लोकांचे अर्ज भरून देणाऱ्या माणसाने आपण सही केलेला अर्ज मंजूर झालेला प्रथमच पाहिला! ते कुर्डुवाडीमार्गे पुण्यास जाऊन चित्रपट पाहून आले आणि परतल्यावर त्यांनी दुकानासमोर बसलेल्या मंडळींना कथा सांगितली: टोकियोत पाऊस काही केल्या थांबत नाही आणि एक मुलगी प्रार्थना करून तो थांबवते. सर्वांनी ती अतिशय गंभीरपणे ऐकली. सीना नदीचे कोरडे पात्र पाहण्यात हयात गेलेले एक वृद्ध शेवटी म्हणाले, “लेका, गोष्ट झ्याक हाय. पर असली पोर आपल्या तालुक्यात नगं.”

पण टोकियोकरांचे खरे तीर्थक्षेत्र चित्रपटगृहात नाही. ते उघड्या आकाशाखाली आहे. जपानी लोक बंदिस्त सभागृहाइतकेच मैदानात रमतात, आणि तेही थोडेथोडके नव्हे. ‘ग्ले’ या वृंदाने 31 जुलै 1999 रोजी चिबा प्रांतातील माकुहारी येथे वाहनतळाच्या जागेवर जलसा केला, त्यास दोन लाख श्रोते होते. म्हणजे आमच्या परंडा शहरासारखी दहा शहरे एका जागी उभी राहिली. हा आकडा टोकियोकर दर आठवड्यास कोणाला ना कोणाला सांगतात. परंतु त्यांची काशी म्हणजे ‘फुजी रॉक’ हा महोत्सव. 1997 साली फुजी पर्वताच्या पायथ्याशी तो प्रथम भरला तेव्हा तुफानाने असा काही धुमाकूळ घातला की, दुसरा दिवस रद्द करावा लागला. 1998 मध्ये तो टोकियोत भरला आणि 1999 पासून नीगाता प्रांतातील नाएबा या डोंगरी ठिकाणी भरू लागला. नाव तेवढे फुजीचेच राहिले. तेथे पाऊस हा जणू निमंत्रित कलावंतच समजला जातो. रंगमंचापुढे छत्री उघडणे निषिद्ध, कारण मागच्याला दिसत नाही. म्हणून यच्चयावत श्रोते रेनकोट घालून, चिखलात उभे राहून, निमूटपणे भिजतात.

2018 पासून या महोत्सवाचे थेट प्रक्षेपण यूट्यूबवर होऊ लागले आणि 2021 साली तर टोकियोकरांच्या भाग्याला पारावार राहिला नाही. महामारीमुळे परदेशी कलावंत येऊ शकत नव्हते. तेव्हा 20 ते 22 ऑगस्ट असे तीन दिवस केवळ जपानी वृंदांनी तो महोत्सव पार पाडला आणि पहिल्या दिवसाचे मानकरी होते साक्षात रॅडविम्प्स. श्रोत्यांवर मुखपट्टीची सक्ती होती, मद्याला बंदी होती आणि ओरडून दाद देण्यासही मनाई होती. श्रावणातला शुक्रवार होता. घरात मातोश्री जिवतीची पूजा करीत होत्या. गच्चीवर चिरंजीवांनी आपली पूजा मांडली.

त्या पूजेचा थाट वर्णनीय होता. पाण्याच्या टाकीशेजारची जागा हा नाएबाचा ‘हरित रंगमंच’ ठरवण्यात आला आणि वाळवणाच्या दोरीपलीकडची जागा ‘श्वेत रंगमंच’. नाएबात एका रंगमंचाकडून दुसऱ्याकडे जावयाचे तर झाडीतून बरीच पायपीट करावी लागते, हे ध्यानात घेऊन टोकियोकर प्रत्येक बदलाच्या वेळी मोबाइल हाती धरून जिना उतरत, परसातल्या कडुनिंबाला वळसा घालीत आणि पुन्हा जिना चढून चार हातांवरच्या दुसऱ्या रंगमंचाशी पोहोचत. तिकडे दिवेलागण होते तेव्हा इकडे गच्चीवर तिसऱ्या प्रहरचे ऊन असते. त्या उन्हात, आभाळात ढगाचे चिन्ह नसताना, हा गृहस्थ पायघोळ पिवळा रेनकोट घालून, तोंडाला मुखपट्टी लावून आणि गळ्यात पंचा अडकवून घामाने निथळत उभा होता. मातोश्रींनी डोक्यावर छत्री धरू पाहिली, तीही नियमावर बोट ठेवून परत करण्यात आली.

“आरं, पाऊस न्हाई, पाणी न्हाई, आन् हे काय सोंग घेऊन उभा ऱ्हायलास?” असे मातोश्रींनी विचारले. उत्तर मिळाले नाही, कारण बोलण्यास मनाई होती.

रॅडविम्प्सचे आगमन झाले आणि टोकियोकरांच्या डोळ्यांतून धारा लागल्या. ओरडता येत नाही, नाचावे तर खालच्या पत्र्याच्या पडवीला हादरा बसतो, तेव्हा आनंदाचा सगळा लोंढा दोन तळहातांच्या वाटेने बाहेर पडू लागला. मुकाट्याने रडणारा आणि टाळ्या वाजवणारा मनुष्य परंड्याने यापूर्वी पाहिलेला नव्हता. शेजारच्या निवृत्त मास्तरांनी आधी घरात सर्व क्षेम आहे ना, याची चौकशी केली आणि ते आहे असे समजल्यावर त्यांची काळजी अधिकच वाढली.

याहून मोठा परिणाम रस्त्यावर झाला. पीकविम्याच्या कामासाठी आलेले तिघे-चौघे शेतकरी दुकान बंद पाहून घराशी आले, तो गच्चीवर रेनकोट! “टोकियोकर, हवामान खात्याची काय खबर हाय का?” अशी खालून पृच्छा झाली. टोकियोकरांनी नियमानुसार ओठांवर बोट ठेवले. सरकारी संगणकाशी ज्याचा रोजचा घरोबा, त्याने असे गुप्ततेने बोट ठेवावे, याचा अर्थ लावण्यास मराठवाड्यातील शेतकऱ्याला वेळ लागत नाही. दिवेलागणीच्या आत अतिवृष्टीची वदंता बाजारपेठेत पसरली आणि दोघांनी कडब्याच्या गंजीवर ताडपत्र्या ओढून घेतल्या. त्या रात्री पाऊस आला नाही. पण त्याबद्दल टोकियोकरांना कोणी बोल लावला नाही. पावसाचे भाकीत चुकणे हा आमच्याकडे भाकीत करणाराचा दोष धरला जात नाही.

जलसा संपल्यावर कचऱ्याचे वर्गीकरण झाले, कारण नाएबात श्रोते आपला कचरा वेगवेगळा करून टाकतात. शेंगांची टरफले एका पिशवीत, केळ्याची साले दुसरीत आणि चहाचे कागदी पेले तिसरीत असा चोख बंदोबस्त करून टोकियोकर कृतार्थ मनाने झोपी गेले. सकाळी मातोश्रींनी साले आणि टरफले एकत्र करून म्हशीपुढे ठेवली. म्हशीने कोणत्याही प्रकारचे वर्गीकरण केले नाही.

जानेवारी 2023 मध्ये मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर लोलापलूझा हा महोत्सव हिंदुस्थानात प्रथमच भरला आणि त्याच्या यादीत ‘जॅपनीज ब्रेकफास्ट’ असे एक नाव छापून आले, तेव्हा अवघ्या गावाने टोकियोकरांचे अभिनंदन केले. मावशींनी प्रवासासाठी चिवड्याचा डबाही भरला. त्या सर्वांना एकेक करून समजावून सांगावे लागले की, सदर वृंद अमेरिकेचा असून त्याची गायिका सोल शहरी जन्मलेली आहे आणि जपानचा या व्यवहाराशी काडीमात्र संबंध नाही. गावाला हे पटले नाही. जवळ आलेला देव सोडून लांबच्या देवासाठी हट्ट धरणे हे गर्विष्ठपणाचे लक्षण आहे, असा ठराव पारावर संमत झाला आणि चिवडा तेथेच खाण्यात आला.

इतके सर्व वाचून कोणी म्हणेल की, ज्याने नाएबाचा डोंगर पाहिला नाही, त्या चिखलात ज्याचा जोडा रुतला नाही, त्याच्या या अनुभवाला अनुभव तरी का म्हणावे? आक्षेप रास्त आहे. पण मला वाटते, टोकियोकरांना जे लाभले ते तिकीट काढून गेलेल्या पुष्कळांना लाभत नसेल. प्रत्यक्ष गेलेला माणूस गाणे ऐकून येतो. जाऊ न शकलेल्याने श्रोत्यांकडेही निरखून पाहिले. हजारो माणसे एकत्र येऊनही मागच्याची दृष्टी अडू नये म्हणून स्वतः भिजतात, हे दृश्य त्याच्या मनावर योजिरो नोदाच्या गळ्यापेक्षाही खोल ठसले आहे आणि त्याचा पुरावा रोज सकाळी परंड्याच्या एस.टी. स्थानकावर पाहावयास मिळतो.

बार्शीची गाडी फलाटाला लागताना आमच्याकडे जे घडते ते जाणकारांस सांगावयास नको. खिडकीतून रुमाल पडतो, टोपी पडते, पिशवी पडते, क्वचित तान्हे मूलही आत सरकवले जाते, आणि त्या मुलाच्या नावावर तीन आसने दाखल होतात. या रणधुमाळीपासून दहा पावलांवर टोकियोकर रांगेत उभे असतात. रांगेत ते एकटेच असतात. पुष्कळ लोक थबकून ‘लाईन कशाची हाय?’ म्हणून विचारतात आणि बसची आहे असे कळताच त्यांना ओलांडून बसकडे धावतात. वाहकाला तर बरेच दिवस ते वरून आलेले तपासनीस वाटत होते. यांची पहिली गाडी बहुधा हुकते, दुसरीत उभे राहावे लागते आणि बार्शीची कामे उशिरा होतात. पण रांग मोडली असे एकदाही घडले नाही. मध्यंतरी एक म्हातारी, जेथे रांग असते तेथे काही ना काही फुकट मिळते या दीर्घ अनुभवावर विसंबून, त्यांच्या मागे उभी राहिली. तिला पाहून आणखी दोघेतिघे उभे राहिले आणि बस येईपर्यंत परंड्यात एक अस्सल रांग नांदली. त्या दिवशी टोकियोकरांच्या चेहऱ्यावर जे समाधान होते ते रॅडविम्प्सच्या दिवशीही नव्हते, असे पाहणारे सांगतात.

म्हणून वाचकांस विनंती एवढीच की, परंड्याच्या स्थानकावर कधी उतरलात आणि दोन घड्याळे बांधलेला, मान कलती ठेवलेला एक इसम फलाटावर एकटाच अदबीने उभा दिसला, तर त्याला हसू नका, कशाची रांग आहे म्हणून विचारूही नका. त्याच्या मागे उभे राहा. गाणे एकट्याने ऐकता येते, रांग मात्र एकट्याने लावता येत नाही.